भुवई बघून सोडवलेली गणितं

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या नात्यात म्हणतात. ते खोटं आहे. पोटात पुष्कळ राहतं, चेहऱ्यावर मात्र काही लपत नाही. नोकरीत असताना आमचे साहेब एखादी नवी पद्धत समजावून सांगायला लागले की मधेच थांबून विचारायचे, "मॅडम, कुछ कहना है?" मी तोंडातून अक्षर काढलेलं नसायचं. डावी भुवई तेवढी वर गेलेली असायची.

विमा कंपनीच्या जयपूरच्या ऑफिसातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. वर्ध्याहून बदली झाली तेव्हा तीन वर्षं कशीबशी काढू म्हणून आलो होतो. मग आमच्या ह्यांना इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, मुलगा इथल्या शाळेत रमला आणि विद्याधर नगरात घर झालं. आता वर्ध्याला गेलं की लोक मलाच "जयपूरवाली" म्हणतात. शिकवण्याचा पेशा ह्यांचा, माझा नाही. मी माझ्या मुलाला सातवीत असताना एकदाच गणित शिकवायला बसले होते. दुसऱ्या दिवसापासून तो वही घेऊन बापाकडे जायला लागला. त्यामुळे निवृत्तीनंतर कोणी शिकवणी घ्या म्हटलं की मी हात जोडायची.

मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहतं. वडील बँकेत, नाशिककडचे, बदलीवर आलेले. दिवाळीनंतर आठवड्याने त्या घरची बाई फराळाचा रिकामा डबा परत करायला आली आणि बसली. डबा परत करायला आलेली बाई अर्धा तास उठत नाही तेव्हा समजावं, डबा हे निमित्त आहे.

तिची मुलगी नववीत होती आणि सहामाहीत गणितात नापास झाली होती. एवढंच असतं तर ती माझ्याकडे आली नसती. नववीच्या निकालाबरोबर शाळेतून एक फॉर्म येणार होता. दहावीला गणिताची परीक्षा स्टँडर्ड द्यायची की बेसिक, ते त्यात घरून भरून द्यायचं. बेसिकचा पेपर सोपा, पण तो दिला की अकरावीला गणित घेता येणार नाही, असं शाळेने सांगितलं होतं. वर्गशिक्षिकेने आत्ताच सुचवलं होतं, बेसिक घ्या आणि मोकळ्या व्हा.

"मग घ्या की," मी म्हटलं.

"काकू, तिला आर्किटेक्ट व्हायचंय हो. त्याला अकरावी-बारावीचं गणित लागतं." बाईचे डोळे भरून आले. "दोन वर्षं झाली, दुसरं काही बोलतच नाही. चारदीवारीत, जुन्या शहराच्या बाजारात, मी बांगड्या घ्यायला गेले की ही दुकानाकडे पाठ करून उभी राहते, समोरच्या माळ्यावरच्या खिडक्या मोजत. चाळीस मुलांच्या कोचिंगला घातलं, तिथे मागच्या बाकावर बसून खिडक्याच काढत होती."

खिडक्या मोजणारी मुलगी गणितात नापास होते, हे काही मला पटलं नाही. मी म्हटलं, "पाठवून दे उद्या चारला. पाहू न."

हे पेपरामागून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "मुलीला आधी कल्पना दिली का कोणी?"

मुलगी आली ती खाली मान घालून. उंच, काटकुळी, दोन वेण्या, पाठीवर तिच्याएवढंच दप्तर. "नमस्ते, आजी," म्हणाली. तिची आई मला काकू म्हणते म्हटल्यावर मी आजीच झाले, हिशोब बरोबर होता, तरी क्षणभर लागलंच. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती वही उघडून बसली आणि दप्तरातून पहिली वस्तू काढली ती खोडरबर. चांगलं मोठं, पांढरं, एका बाजूने झिजून उतरतं झालेलं.

त्या टेबलावर बगरूचा टेबलक्लॉथ आहे. हाताने छापलेला, गेरूच्या रंगाची बारीक फुलं, ओळीने. मी हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्या फुलांनी माझी फजिती केली.

पहिल्या आठवड्यात मला कळलं की नववीचं काही अडलेलंच नाही. अडलं होतं ते सहावीतलं. सहा भागिले अर्धा किती विचारलं तर तिने क्षणात सांगितलं, तीन. सहावी-सातवीच्या वर्षांत वडिलांच्या दोन बदल्या झाल्या होत्या. एका शाळेत अपूर्णांक व्हायचे होते, दुसरीत होऊन गेले होते. मधल्या भोकातून ते अख्खं प्रकरण गळून पडलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. तिला वाटायचं, आपलं डोकंच असं आहे.

"सहा पोळ्या आहेत," मी म्हटलं. "पंगतीत प्रत्येकाला अर्धी वाढायची. किती ताटं?"

"बारा."

"मग सहा भागिले अर्धा किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मतलब... भाग दिला की संख्या मोठी पण होते?"

तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या सातवीतल्या मुलाची आठवण आली. त्यालाही मी पोळ्या वाढायला हव्या होत्या. चाळीस मुलांत कोण नववीच्या मुलीला सहावीतलं विचारणार? आणि विचारलं तरी ती चाळीस जणांसमोर कशी सांगणार, की मला हे येत नाही? आमच्या टेबलावर हसायला कोणी नव्हतं. आम्ही सहावीपासून सुरुवात केली. ऋण संख्या, अपूर्णांक, कंसातून चिन्ह बाहेर काढणं. आलेख शिकवताना टेबलक्लॉथच कामी आला. मधलं एक फूल शून्य धरायचं आणि बोटाने चालायचं, तीन उजवीकडे, दोन खाली. छापणाऱ्याचा हात एका ठिकाणी हलला होता, तिथलं फूल ओळ सोडून सरकलं होतं. ती त्याला "शाळेला दांडी मारलेलं फूल" म्हणायची. थोडक्यात, आमची गट्टी जमली.

महिन्याभरात ती माझ्यासमोर सगळी गणितं बरोबर सोडवायला लागली. सगळी म्हणजे सगळी. मधे कुठे चुकली तरी माझ्या बोलण्याआधीच तिचं खोडरबर चालायचं आणि उत्तर जुळायचं. मी फुगून गेले. ह्यांना म्हटलं, "चाळीस वर्षं शिकवून तुम्हाला काय आलं हो?" मुलीच्या आईला रस्त्यात थांबवून सांगितलं, "बेसिकचं नाव काढायचं नाही. मी सांगते."

डिसेंबरात घटक चाचणी झाली. तिला चाळीसपैकी नऊ मार्क पडले.

ती पेपर घेऊन आली तेव्हा मी तो हातात घेऊन बघितला आणि माझा ताबा सुटला. एकूण एक गणित तिने माझ्याकडे सोडवलेलं होतं. पहिली पायरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीत चिन्ह चुकलेलं आणि पुढे सगळं घसरत गेलेलं. काही गणितं तर दोन ओळींवर सोडून दिलेली, कागद खोडून खोडून भोक पडेपर्यंत पातळ झालेला.

"इथे येतं आणि तिथे काय होतं?" मी ओरडले. "हे चिन्ह काय आहे? मागच्या मंगळवारी हेच गणित केलं होतं न आपण? लक्ष कुठे होतं? खिडक्या मोजून राहिली होती का?"

खिडक्यांचं मी बोलायला नको होतं. तिने खोडरबर उचलून दप्तरात टाकलं, वही टाकली, चेन लावली. "थँक्यू, आजी," एवढं म्हणून ती गेली. ते "थँक्यू" मला जास्त झोंबलं.

नंतर तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "काकू, तुम्ही खूप केलंत. पण आम्ही विचार केला, बेसिकच घेऊन टाकू. पोरगी जेवत नाहीये धड. जीव थोडाच घ्यायचाय तिचा?" मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली. राग तिच्यावर होता, तिच्या आईवर होता, शाळेवर होता. स्वतःवर होता असं तेव्हा मी कबूल केलं नसतं.

दुपारी हे ओट्यावर उन्हात बसले होते. जयपुरात थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवतात. ह्यांची खुर्ची चारच्या सुमारास बरोबर जेवणाच्या खोलीच्या खिडकीसमोर येते. तिथून आमचं टेबल दिसतं. मी पोहे आणून दिले तर म्हणाले, "एक सांगू का? रागावणार नसशील तर."

"मी कशाला रागावू?"

"ती तुझा चेहरा बघून गणितं सोडवते."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"महिनाभर बघतोय मी. चिन्ह लिहिते, की मान वर. तुझी भुवई जागेवर असली की पुढची ओळ. वर गेली की खोडायचं आणि उलटं चिन्ह घालायचं. भुवई खाली आली, की पुढची ओळ." ह्यांनी पोह्याचा घास घेतला. "मला लगेच ओळखू आलं. मीही चाळीस वर्षं तेच करतोय."

एरवी मी यावर चांगलं ऐकवलं असतं. पण मी पायरीवर बसूनच राहिले. महिनाभराचं सगळं डोळ्यांसमोरून जायला लागलं. माझ्या बोलण्याआधी चालणारं ते खोडरबर. दर ओळीला वर होणारी मान. मला वाटायचं, कौतुकाने बघते माझ्याकडे. चाळीस मुलांच्या वर्गात तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून ती तिथे बुडली. माझ्याकडे एकाच मुलीसाठी अख्खा एक चेहरा होता आणि तिने त्याचाच आधार धरला. परीक्षेच्या हॉलमध्ये तो चेहरा नव्हता. गणितं मी सोडवत होते, भुवईने. लिहायची फक्त ती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. कोणाच्या घरी जाऊन माफी मागायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ असावी, निदान ह्यांचं तरी तसं म्हणणं आहे. तिच्या खोलीत भिंतभर चित्रं होती. सगळ्या खिडक्या. जाळीच्या, कमानीच्या, पुढे आलेल्या झरोक्यांच्या, आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने बारीक मापं. पेन्सिलीच्या त्या रेघांवर कुठेही खोडल्याची खूण नव्हती.

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "माझी भुवई बघून लिहायचीस न तू?"

ती पांढरीफटक पडली. "आजी, मी मुद्दाम नाही... मतलब, आधी मला पण नाही कळलं. मग कळलं तेव्हा... ते चीटिंग आहे ना? तुम्ही आईला सांगणार?" आणि ती रडायलाच लागली. "तुम्ही एवढ्या खूश व्हायच्या. मला सांगावंसंच वाटत नव्हतं."

मलाही रडू आलं. म्हणजे ही पोर महिनाभर दोन ओझी वागवत होती. एक गणिताचं, आणि एक मला खूश ठेवण्याचं. पेपरात नऊ मार्क पडल्यावर मी तिच्यावर ओरडले तेव्हा खरं कारण तिला माहीत होतं आणि तिने ते सांगितलं नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "चीटिंग मी केलं, तू नाही. चुकलंच माझं. उद्या चारला ये. फॉर्म यायला अजून तीन महिने आहेत."

दारात तिची आई उभी होती. दुसऱ्या दिवशी चारला मुलगी आली.

आता प्रश्न होता माझ्या चेहऱ्याचा. दोन दिवस मी तो कोरा ठेवायचा प्रयत्न केला. हे खिडकीतून बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "आता तर नाकपुड्यासुद्धा बोलायला लागल्या." मग मी सरळ खुर्चीच फिरवली. तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि तिने प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत सोडवायची. पण नुसतं पाठ करून बसणं मला जमेना, मान आपोआप वळायची. तेव्हा मी मटार सोलायला घेतले. त्या दिवसांत जयपुरात मटार एवढे स्वस्त होतात की घरोघरी पोत्याने आणून, सोलून, वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये टाकतात. हात गुंतले की माझी मान जागेवर राहायची. आणि खोडरबर मी तिच्याकडून मागून घेतलं आणि मिसळणाच्या डब्यामागे ठेवून दिलं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली नव्याने लिहायचं. काय चुकलं ते दिसत राहिलं पाहिजे.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. ती एक पायरी बोलायची आणि थांबायची. "बरोबर?"

"तुला काय वाटतं?"

माझ्या चार शेंगा सोलून व्हायच्या. मग रडवेल्या आवाजात, "आजी, फक्त हो की नाही सांगा ना."

"तुला काय वाटतं?"

हे वाक्य उच्चारणं मला किती जड जात होतं ते माझं मला माहीत. मागे ती वजाचं अधिक करून बसलीये हे कानाने कळत असायचं आणि मी मटारांवर राग काढत असायची. एकदा मुठीतले सगळे दाणे जमिनीवर फेकले. ती घाबरून म्हणाली, "चुकलं ना?" मी म्हटलं, "माझा हात सुटला. तू चाल पुढे." ती पुढे गेली, तीन ओळींनंतर थांबली, आणि म्हणाली, "एक मिनिट. एक मिनिट, आजी. हे उत्तर वरच्या समीकरणात घातलं तर जुळत नाहीये." कागदावर रेघ मारल्याचा आवाज आला. मी पाठमोरीच बसून राहिले, पण डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसापासून ती मला विचारायच्या ऐवजी उत्तराला विचारायला लागली. आलेली किंमत परत समीकरणात घालायची, जुळली तर ठीक, नाहीतर एकेक ओळ मागे जायचं. वेग निम्मा झाला. जिथे आधी तासात दहा गणितं व्हायची, तिथे चार होऊ लागली. पण ती चार तिची होती.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, घडलेली गोष्ट सांगते. शिकवणीच्या सुरुवातीला मी रोज एक तोंडी गणित घालायची. आठवड्यापूर्वी घातलं होतं, शंभर मीटरचा सरळ रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत दर पाच मीटरवर झाड, तर झाडं किती? ती वीस म्हणाली होती आणि मी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. वीस ही मधली अंतरं झाली, झाडं एकवीस, सुरुवातीचं एक विसरायचं नाही. विमा कंपनीत आमची सगळी हयात यात गेली. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत म्हटलं की दोन्ही टोकं धरायची. नवीन पोरं एक दिवस खायची आणि मी त्यांना तो ओकायला लावायची.

त्या दिवशी मी घातलं, "मैदान आहे. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. चारही बाजूंनी कुंपण, दर पाच मीटरवर खांब, कोपऱ्यांवर पण. किती खांब लागतील?"

मागून थोड्या वेळाने आवाज आला, "वीस."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मटाराचं ताट खाली ठेवून मी खुर्चीसकट वळले. महिन्याभरात पहिल्यांदा. "आठवडा नाही झाला हे सांगून! शंभर मीटर, दर पाच मीटरवर, मग एकवीस नाही का? सुरुवातीचा खांब कुठे गेला? पुन्हा तीच चूक करून राहिली?"

माझी भुवई कुठे पोचली होती ते मला सांगायला नको. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचा उजवा हात टेबलावर सरकत गेला, पूर्वी जिथे खोडरबर असायचं तिथपर्यंत. तिथे काही नव्हतं. हात तिथेच थांबला. आणि मग तिने तो लांब करून माझ्या ताटातले मूठभर मटार उचलले.

टेबलक्लॉथच्या एका फुलावर तिने एक दाणा ठेवला. शेजारच्या फुलावर दुसरा. "एक फूल म्हणजे पाच मीटर," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ती बोलत राहिली. सहा पावलं उजवीकडे, कोपरा. चार पावलं खाली, कोपरा. सहा पावलं डावीकडे. दांडी मारलेल्या फुलावरचा दाणा घरंगळला, तो तिने पुन्हा नीट बसवला. मग वर यायला लागली. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पावलाला तिचं बोट पहिल्या दाण्यावर येऊन टेकलं.

"इथे तर खांब आधीच आहे, आजी," ती म्हणाली. "रस्त्याला दोन टोकं असतात. याला टोकच नाहीये." मग तिने दाणे मोजले, सगळे, बोट लावून, मोठ्याने. वीस भरले. तिने वर पाहिलं. माझी भुवई अजून खाली आलेली नव्हती, ती दिसत होतीच तिला. "आजी, तुम्ही चुकलात."

ओट्यावर ह्यांनी पेपर खाली घेतला होता.

मला आधी खरंच राग आला, खोटं कशाला सांगू. मग मी त्या मटारांकडे बघितलं आणि मला दिसलं, की ती बरोबर आहे, मी चूक आहे, आणि ती हे माझ्या तोंडावर सांगून अजून खुर्चीत बसलेली आहे. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. मी उठून तिला जवळ घेतलं. ती गोंधळली, म्हणाली, "मग बरोबर ना?" आणि लगेच जीभ चावून, "नाही, नाही, मला माहितीये."

ते वीस मटार त्या दिवशी मी उसळीत टाकले नाहीत. वाटीत काढून ठेवले आणि रात्री ह्यांनी न विचारता खाऊन टाकले.

मार्चच्या शेवटी निकाल लागला. मार्क बरे पडले, उड्या माराव्यात असे नव्हेत. नापासाची पास झाली, आणि त्यापेक्षा थोडं वर. वर्गशिक्षिकेने शेऱ्यात प्रगती चांगली लिहिलं होतं आणि खाली पुन्हा, बेसिकचा विचार करावा. निकालाबरोबर तो फॉर्म होता. मायलेकी तो घेऊन चारच्या ठोक्याला माझ्याकडेच आल्या.

तिच्या आईने फॉर्म टेबलावर पसरला. दोन चौकोन होते, एकात खूण करायची. "काकू, तुम्हीच सांगा आता," ती म्हणाली. "शाळा म्हणते बेसिक. ही काही बोलत नाही. मला रात्रभर झोप नाही. दहावीला पुन्हा नऊ मार्क पडले तर? पण उद्या हिने मला विचारलं, की आई, तू तेव्हा माझी वाट का बंद केलीस, तर?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं मत काय आहे ते माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मटाराचे दिवस संपले होते. मी स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची जुडी आणली, खुर्ची फिरवली आणि दोघींकडे पाठ करून निवडायला बसले. "काकू?" आई गोंधळून म्हणाली. मुलगी हळूच म्हणाली, "आई, दे. मी भरते."

माझे हात कोथिंबिरीची चांगली पानं टाकून देठ ठेवत होते, हे मला नंतर कळलं. मग मागे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने टोपण लावल्याचा.

"झालं," ती म्हणाली.

"काय लिहिलंस?" माझ्याच्याने राहवलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं, आजी?"

मी वळले. आईने तोंडाला पदर लावला होता. टेबलक्लॉथच्या फुलांवर फॉर्म पडला होता, आणि स्टँडर्डच्या चौकोनात निळ्या शाईची ठळक खूण होती.